खेळ थांबविण्याचा अधिकार

नाटकाची तिकिटे विकली गेली आहेत, प्रेक्षक आसनांवर बसले आहेत, वाद्ये सुरू झाली आहेत. पण नाटक मात्र अजून तयार झालेले नाही. असा प्रकार आपल्याकडे घडला तर लोक तिकीटबारीवर जाऊन पैसे परत मागतील. न्यूयॉर्क शहरात, ज्या वस्तीला जग ब्रॉडवे म्हणून ओळखते तेथे, हा प्रकार राजरोस चालतो. त्याला तेथे प्रतिष्ठा आहे आणि स्वतंत्र नावही आहे. ते नाव म्हणजे प्रिव्ह्यू. रंगीत तालीम संपली आहे आणि उद्घाटनाचा प्रयोग अजून व्हायचा आहे, या दोहोंच्या मधले जे खेळ पैसे घेऊन दाखविले जातात ते प्रिव्ह्यू. अशाच एका खेळाविषयी, म्हणजे २८ नोव्हेंबर २०१० रोजी झालेल्या 'स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क' या संगीत नाटकाच्या पहिल्या प्रिव्ह्यूविषयी, आम्ही येथे चार गोष्टी सांगणार आहोत.

आम्ही नाट्यसमीक्षक नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. बाकीचे सारे युनियनच्या कचेरीत, गिरणगावातल्या वाचनालयांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तरुणपणी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत आम्ही पडदा ओढला आहे, एवढाच आमचा रंगभूमीशी संबंध. न्यूयॉर्कच्या त्या नाट्यगृहात आम्ही बसलो नव्हतो. परंतु एखाद्या नाटकाविषयी वर्तमानपत्रांत, सरकारी तपासाच्या कागदांत, कोर्टकज्ज्यांत आणि खुद्द लेखकाने लिहिलेल्या पुस्तकात इतके छापून यावे, असे क्वचितच घडते. ते सारे आम्ही कामगाराच्या नजरेने वाचले, आणि त्या नजरेला जे दिसले ते नाट्यसमीक्षकांच्या लेखांत फारसे आलेले नाही.

पूर्वी ब्रॉडवेवरची संगीत नाटके आधी बाहेरगावी जात. न्यू हेवन, बॉस्टन, फिलाडेल्फिया या शहरांत काही आठवडे खेळ करावयाचे, प्रेक्षक कोठे हसतो, कोठे जांभई देतो ते पाहावयाचे, गाणी काढावयाची, नवी घालावयाची आणि मग न्यूयॉर्क गाठावयाचे, अशी रीत होती. १९४३ सालचे 'ओक्लाहोमा!' हे गाजलेले नाटक न्यू हेवनला गेले तेव्हा त्याचे नावसुद्धा निराळे होते. पुढे नेपथ्य जड होऊ लागले, प्रवासखर्च वाढला, आणि बरीच नाटके घरच्या घरी, म्हणजे न्यूयॉर्कातच, प्रिव्ह्यू करू लागली. त्यात एक अलिखित करार असे. प्रेक्षकाने समजून घ्यावयाचे की माल कच्चा आहे. आणि वर्तमानपत्रांच्या टीकाकारांनी उद्घाटनापर्यंत लेखणी आवरावयाची. करार वाईट नव्हता. कुंभाराचे मडके चाकावर असताना कोणी त्याला टिचकी मारून पाहत नाही. मात्र हे प्रिव्ह्यू साधारणपणे तीन-चार आठवडे चालत. मडके चाकावर किती दिवस ठेवावयाचे, हा प्रश्न तोवर फारसा आला नव्हता.

स्पायडर-मॅनला बाहेरगावी नेणे शक्यच नव्हते, कारण त्याचे नाटक नाट्यगृहाच्या छतात, भिंतींत आणि तळघरात बसविलेले होते. टाइम्स स्क्वेअरजवळच्या फॉक्सवुड्स थिएटरमध्ये सुमारे १९०० आसने. त्यांच्या डोक्यावरून माणसे उडत जाणार, सज्जाच्या कठड्यावर उतरणार, आणि नायक व खलनायक यांची लढाई प्रेक्षकांच्या माथ्यावर हवेत होणार, अशी योजना. कमरेला व पाठीला पट्टे, त्यांना तारा, तारा गुंडाळणारी यंत्रे छतापाशी, आणि त्या यंत्रांना हुकूम देणारे संगणक. कोणती तार कोणत्या क्षणी किती सोडावयाची आणि किती ओढावयाची हे आधी ठरवून यंत्रात भरून ठेवलेले. एका मुखवट्याआड एक नट नव्हता. उड्या मारणारे, नाचणारे, गाणारे असे अनेक जण एकच तांबडा-निळा पोशाख आळीपाळीने घालीत होते. प्रेक्षकाला एकच स्पायडर-मॅन दिसे. यंत्र आणि वेष यांची ही युक्ती आम्हांला मोठी सूचक वाटते, कारण कारखान्यातही मालावर नाव एकच असते.

खर्चाचा आकडा सांगितला पाहिजे. पडदा वर जाण्यापूर्वीच ६ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळजवळ ३०० कोटी रुपये, या नाटकात गेले होते, आणि शेवटी हा आकडा साडेसात कोटी डॉलरपर्यंत चढला. ब्रॉडवेच्या इतिहासात एवढा पैसा तोवर कोणत्याही नाटकावर लागला नव्हता. आठवड्याचा चालू खर्चच दहा लाख डॉलरच्या वर होता. संगीत यू-टू या आयरिश वाद्यवृंदातील बोनो आणि द एज यांचे. दिग्दर्शन जूली टेमर यांचे. या बाईंनी १९९७ साली 'द लायन किंग' रंगभूमीवर आणून, संगीत नाटकाच्या दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळविणारी पहिली स्त्री हा मान मिळविला होता. ग्लेन बर्गर हे टेमरबाईंचे सहलेखक. पहिले निर्माते टोनी अ‍ॅडम्स हे २००५ सालीच वारले. २००९ च्या ऑगस्टात पैसा संपून काम बंद पडले. मग मायकेल कोल आणि जेरेमाया हॅरिस यांनी सूत्रे घेतली. उद्घाटनाची तारीख इतक्या वेळा पुढे गेली की ती सांगत बसण्यात अर्थ नाही.

आता नाटकाच्या गोष्टीकडे वळू, कारण तिच्यात आमच्या जिव्हाळ्याचे काही आहे. स्पायडर-मॅन हे पात्र १९६२ साली स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को यांनी मुलांच्या चित्रकथांसाठी निर्माण केले. पीटर पार्कर हा क्वीन्स भागात काका-काकूंजवळ वाढलेला पोरका मुलगा, त्याला एक विलक्षण कोळी चावतो आणि त्याच्या अंगी कोळ्याचे बळ येते. ही कथा आज आपल्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. टेमरबाईंना एवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी त्यात अरॅक्नी आणली. अरॅक्नी ही ग्रीक पुराणातली विणकर. लिडिया देशातल्या, लोकर रंगविणाऱ्या एका रंगाऱ्याची ही मुलगी विणण्यात इतकी तरबेज की तिने अथीना देवीशी पैज लावली. ओव्हिड या रोमन कवीने ही कथा सांगितली आहे. देवीला तिच्या विणीत खोड काढता आली नाही, तेव्हा देवीने ते वस्त्र फाडले आणि हातातला धोटा तिच्या कपाळावर मारला. अपमानाने मुलीने गळफास घेतला. देवीला मग दया आली, आणि तिने तिचा कोळी करून टाकला. तेव्हापासून ती धाग्याला लोंबकळून विणीतच आहे.

ही कथा ग्रीक असली तरी साचेखात्यातल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. धोटा उडून कपाळाला लागणे म्हणजे काय, हे त्यांच्या भुवईवरच्या खुणेवरून आम्ही लहानपणीच शिकलो होतो. उत्तम विणले तरी मार विणणाऱ्यालाच, आणि वर दया म्हणून पुन्हा विणण्याचीच शिक्षा, हा न्याय कवीने कोठून आणला असेल कोण जाणे!

टेमरबाईंनी या कथेचे जे दृश्य उभे केले, त्याची स्तुती त्यांच्या विरोधकांनीही केली आहे. केशरी-पिवळ्या रंगाच्या लांबच लांब पट्ट्यांवर बायका झोके घेतात, वरून खाली काही पट्टे, त्यांतून आडवे पट्टे, आणि पाहता पाहता सबंध रंगमंच हा एक साचा होतो. उभा धागा, आडवा धागा, आणि धोट्याच्या जागी माणसे. त्यात संगणकाची चलाखी कमी आणि कापड व माणसाचे अंग यांचे काम अधिक. आम्हांला वाटते, सबंध खर्चातला सर्वांत चांगला उपयोगी पडलेला डॉलर तो असावा. दुसऱ्या अंकात मात्र हीच अरॅक्नी आणि तिच्या कोळीणबायका चपला-बूट चोरण्याचे गाणे म्हणतात, ते कशासाठी, हे तेथल्या प्रेक्षकांनाही उलगडले नाही, आणि पुढे ते गाणे काढून टाकण्यात आले.

तर त्या रविवारी संध्याकाळी निर्माते कोल स्वतः रंगमंचावर आले आणि त्यांनी प्रेक्षकांना सांगितले की, आज खेळ थांबविण्याची पाळी येऊ शकते. पाळी आली. खेळ उशिरा सुरू झाला, पाच वेळा थांबला, आणि मध्यंतर धरून सुमारे साडेतीन तास चालला. पहिल्या अंकाच्या शेवटी स्पायडर-मॅन प्रेक्षकांच्या डोक्यावर तारेला लोंबकळत राहिला. खालून रंगमंचावरील कामगार हात उंचावून त्याचा पाय धरू पाहत होते, तो झोके घेत होता, आणि लोक हसत होते. अंक तेथेच संपविण्यात आला. दुसऱ्या अंकात एका बाईने मोठ्याने सांगितले की, आपल्याला गिनिपिगसारखे वाटते आहे. इतर प्रेक्षकांनी तिलाच हुर्यो करून गप्प केले.

दुसऱ्या दिवशी जगभर या थांबण्याची थट्टा झाली. एवढा पैसा ओतूनही यंत्र अडकते, यात थट्टेला जागा आहेच. पण थांबण्याची क्रिया कशी घडते ते पाहिले पाहिजे. विंगेत किंवा तत्सम ठिकाणी रंगमंच व्यवस्थापक बसलेला असतो. तो नट नव्हे, निर्माता नव्हे. डोळ्यांपुढे पडद्यांवर रंगमंचाची चित्रे, कानाला यंत्र, आणि हाताशी सबंध नाटकाची संहिता. दिवा केव्हा लावायचा, तार केव्हा ओढायची, प्रत्येक इशारा त्याच्या तोंडून जातो. काही बिघडले असे त्याला वाटले की तो ध्वनिक्षेपकावरून सांगतो, खेळ थांबवा. मग वाद्यवृंद थांबतो, नायक अर्ध्या वाक्यात थांबतो, साडेसहा कोटी डॉलर थांबतात, आणि १९०० माणसे गप्प बसून वाट पाहतात. कोणाला विचारावे लागत नाही. निर्माता समोरच्या रांगेत बसलेला असला तरी त्याची परवानगी लागत नाही.

असा अधिकार आमच्याकडे किती जणांना आहे? यंत्रावर तांबडे बटण असते, हे खरे. कायद्याने ते असावेच लागते. पण बटण असणे वेगळे आणि ते दाबण्याची मुभा असणे वेगळे. आम्ही ज्या वसाहतीत काम करतो तेथल्या एका कारखान्यात एका पोराने प्रेसचे संरक्षक कवच सैल झाले म्हणून बटण दाबले. हात वाचला. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कागद पडला की, उत्पादन का थांबविले याचा चोवीस तासांत लेखी खुलासा करावा. तो खुलासा आम्ही त्याच्या शेजारी बसून लिहिला. कागद मागे घ्यायला आम्हांला सात महिने लागले. कवच बसवायला व्यवस्थापनाला एक दुपार लागली. म्हणून न्यूयॉर्कच्या त्या रात्री जे लोक हसले त्यांच्यात आम्ही सामील होऊ शकत नाही. पाच वेळा खेळ थांबला याचा अर्थ पाच वेळा कोणीतरी आपले काम चोख केले. चिंता थांबण्याची नाही. न थांबता जे घडले त्याची चिंता.

कारण त्या रात्री, थट्टेच्या बातम्यांत ज्याचा उल्लेख आला नाही, असे एक घडले होते. अरॅक्नीचे काम करणाऱ्या नटी नॅटली मेंडोझा यांना विंगेत एक दोर डोक्याला लागला आणि मेंदूला मार बसला. देवीचा धोटा अरॅक्नीच्या कपाळी लागला होता, तसाच. डिसेंबर संपण्यापूर्वी त्यांनी नाटक सोडले. त्याहीपूर्वी, सप्टेंबर आणि ऑक्टोबरात, तालमींच्या काळात दोन नर्तकांना दुखापती झाल्या होत्या. त्यांपैकी एकाची दोन्ही मनगटे मोडली. तो तिकिटे घाऊक विकत घेणाऱ्या दलालांना उड्डाणाचा नमुना दाखवीत होता! म्हणजे प्रेक्षक येण्यापूर्वीच, विक्रीच्या कामी त्याचे हात खर्ची पडले.

आणि मग २० डिसेंबर २०१०. खेळ संपत आला होता. स्पायडर-मॅन पुलावरून झेप घेतो असा प्रसंग. क्रिस्टोफर टिअर्नी हा नर्तक, उड्डाणाची बरीच कामे त्याच्याकडे असत, त्याने झेप घेतली. पाठीच्या पट्ट्याला दोर होता. पण दोराचे दुसरे टोक रंगमंचाला अडकविलेलेच नव्हते. तो सुमारे ३० फूट खाली गेला. कवटीला तडा, बरगड्या मोडलेल्या, मणके मोडलेले. प्रेक्षकांतल्या अनेकांना क्षणभर तो नाटकाचाच भाग वाटला.

येथे संगणक चुकला नव्हता. तारा गुंडाळणारी यंत्रे बिघडली नव्हती. एक कडी अडकवायची राहिली होती. लोखंडाची कडी, जी हाताने अडकवतात. सगळ्या नवलाच्या यंत्रांच्या शेवटी एक हात असतो, आणि तो दमलेला असू शकतो. रोज बदलणाऱ्या प्रसंगांची नवी यादी त्याला सकाळी मिळालेली असू शकते. प्रिव्ह्यूचा हा खरा धोका आहे, आणि तो प्रेक्षकाच्या कंटाळ्यापेक्षा मोठा आहे. प्रिव्ह्यूच्या काळात दुपारी तालीम होते, बदल बसविले जातात, आणि संध्याकाळी पैसे घेऊन खेळ. गाण्याची एक ओळ बदलली तर नट अडखळेल, एवढेच. येथे ओळीच्या जागी तार होती.

अपघातानंतर नियम आला. संघराज्याचे सुरक्षा खाते, राज्याचे श्रम खाते आणि नटांची संघटना अ‍ॅक्टर्स इक्विटी यांच्या देखरेखीखाली असे ठरले की, दोर अडकविल्यावर दुसऱ्या कामगाराने तो तपासावयाचा आणि नटाने आपला दोर अडकला असल्याचे तोंडाने सांगावयाचे. साधा नियम. विहिरीत उतरणारा गवंडीसुद्धा वरच्याला हाक देतो. पण नियमाचा हिशेब करून पहा. दुसरा कामगार म्हणजे दुसरा पगार. आणि नेमक्या याच प्रश्नावर तीन वर्षांपूर्वी ब्रॉडवे बंद पडला होता. १० नोव्हेंबर २००७ रोजी रंगमंच कामगारांच्या लोकल वन या युनियनने संप पुकारला, तो १९ दिवस चालला. नाटक नाट्यगृहात बसविताना किती माणसे कामावर असलीच पाहिजेत, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. थिएटरमालक म्हणत, इतकी माणसे कशाला, काही तर नुसती उभी असतात. मोकळ्या हाताने उभा असलेला माणूस मालकाला नेहमीच जास्त वाटतो. दुसऱ्याचा दोर पाहणारा माणूस दुरून उभाच दिसतो.

ज्यांना संघटनेचा इतिहास कंटाळवाणा वाटतो त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

अमेरिकेतल्या नटांना फुकट तालमी कराव्या लागत, आणि त्यांना मर्यादा नसे. नाटक तालमीतच बुडाले तर आठवड्यांची मेहनत पाण्यात. १९१३ साली त्यांनी अ‍ॅक्टर्स इक्विटी ही संघटना काढली. आपण कलावंत, आपण मजूर नव्हे, असे म्हणणारे त्यांच्यातही होतेच. १९१९ च्या ऑगस्टात त्यांनी संप केला. महिनाभर तो चालला, आणि तो जिंकला गेला याचे एक मोठे कारण असे की, रंगमंचावरचे कामगार आणि वादक त्यांच्या बाजूने उभे राहिले. नट गाऊ शकतो, पण पडदा त्याला ओढता येत नाही. त्यानंतर नटाचे काम हे काम मानले जाऊ लागले, त्याला तास आले, मर्यादा आल्या. हा सारा वारसा हाताशी असूनही २०१० साली एका माणसाचा दोर सुटा राहिला, हे युनियनवाल्यांनीही मान खाली घालून वाचण्यासारखे आहे.

४ मार्च २०११ रोजी संघराज्याच्या सुरक्षा खात्याने निर्मात्या कंपनीवर ठपका ठेवला. तीन गंभीर उल्लंघने: पट्टे नीट न बसविणे किंवा न अडकविणे, उघड्या कडांना कठडा नसणे, आणि डोक्यावर हलणाऱ्या सामानापासून कामगारांचे संरक्षण न करणे. दंड १२,६०० डॉलर. साडेसहा कोटींशी याचे प्रमाण काढले, तर लाख रुपयांचे घर बांधणाऱ्याला वीस रुपयांहून कमी दंड झाल्यासारखे आहे. आपल्याकडच्या कारखाना निरीक्षकांना नावे ठेवण्याची आम्हांला सवय आहे. श्रीमंत देशातला हा आकडा वाचून आम्हांला घरच्यासारखे वाटले.

आणि गल्ला? अपघाताने तो घटला नाही. जानेवारी २०११ मध्ये आठवड्याच्या विक्रीत स्पायडर-मॅनने 'विकेड' या वर्षानुवर्षे अग्रभागी असलेल्या नाटकालाही मागे टाकले. लोक काय पाहायला येत होते? काही उड्डाण पाहायला, काही पडणे पाहायला. सर्कशीत झुल्यावरच्या मुलीखालचे जाळे काढले की टाळ्या वाढतात, हे जुनेच आहे. प्रेक्षकाला दोष द्यावा असे आमच्या मनात नाही. पण त्या बाईला ज्यांनी हुर्यो केली, त्यांना एक विचारावेसे वाटते. ती म्हणाली होती, आपल्यावर प्रयोग चालला आहे. तिच्यावर चालला होता तो पैशाचा. डोक्यावरच्या माणसावर चालला होता तो हाडांचा. दोघे एकाच बाजूचे होते, आणि तिने तक्रार केली ती दोघांचीही होती.

प्रिव्ह्यू मात्र संपेनात. १९६९ साली एका नाटकाने ९७ प्रिव्ह्यू करून विक्रम केला होता, आणि ते नाटक उद्घाटनाच्या एका खेळातच आटोपले. स्पायडर-मॅनने तो विक्रम मागे टाकला. ७ फेब्रुवारी २०११ ही उद्घाटनाची तारीखही पुढे ढकलली गेली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्ससह बऱ्याच पत्रांच्या टीकाकारांनी जुना संकेत मोडला, तिकिटे काढून नाटक पाहिले आणि परीक्षणे छापली. परीक्षणे निर्दय होती. निर्माते रागावले की, नाटक अजून पुरे झालेले नाही. आमच्या मते येथे टीकाकारांचे बरोबर होते. ज्याने दहा आठवडे पुऱ्या भावाने माल विकला, त्याला माल अपुरा आहे असे म्हणता येत नाही. गिरणीत कापडाला डाग असला तर ते सेकंड म्हणून कमी भावात जाते. येथे डागी कापड पहिल्या भावाने जात होते, आणि डागाकडे बोट दाखविणाऱ्याला असभ्य म्हटले जात होते. शेवटी १४ जून २०११ रोजी उद्घाटन झाले तोवर १८२ प्रिव्ह्यू झाले होते. सारी आसने भरली असे धरले तर तीन लाखांहून अधिक तिकिटे त्या अपुऱ्या नाटकाची.

त्याआधी मार्चमध्ये टेमरबाईंना बाजूला करण्यात आले. एप्रिल-मे महिन्यांत तीनएक आठवडे खेळ बंद ठेवून नाटक नव्याने बसविले गेले; अरॅक्नीचे काम बरेच छाटले गेले आणि गोष्ट सरळ झाली. नवे दिग्दर्शक फिलिप मॅकिन्ले हे सर्कशीच्या कामातून आलेले होते. हा बदल व्यवहाराला सोयीचा होता, हे आम्ही मान्य करतो. पण विणकरणीची ती गोष्ट अर्ध्यात तोडली गेली याचे आम्हांला वाईट वाटले. बाईंच्या हट्टामुळे खर्च वाढला, असे सांगणारे पुष्कळ आहेत, असेल. हट्टाशिवाय तो केशरी साचाही झाला नसता.

कामावरून काढलेल्या माणसाचे देणे बुडविण्याची युक्ती सगळ्या धंद्यांत सारखी असते. टेमरबाईंचे मानधन थकले. तेव्हा त्यांच्या बाजूने दिग्दर्शक व नृत्यदिग्दर्शक यांच्या युनियनने दावा लावला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तो तडजोडीने मिटला. लेखनाच्या हक्काविषयी बाईंनी स्वतः लावलेला खटला पुढे २०१३ साली मिटला. टोनी पुरस्कार मिळविलेल्या, जगभर नाव असलेल्या दिग्दर्शिकेलाही पगाराच्या बाबतीत शेवटी युनियनचे कार्ड उपयोगी पडले, ही गोष्ट आम्ही आमच्या सभांत मुद्दाम सांगतो. आमच्याकडचे पदवीधर बाबू आणि सुपरवायझर ती लक्ष देऊन ऐकतात.

टिअर्नीचे काय झाले, असे हे सारे सांगताना आम्हांला नेहमी विचारतात. तो बरा झाला. मणक्यांत खिळे बसवून घेऊन तो २०११ च्या वसंतात तालमींना परत आला. पुढे नाटकाने पैसाही पुष्कळ गोळा केला. २०११ च्या नाताळानंतरच्या एका आठवड्यात नऊ खेळांचा गल्ला २९ लाख डॉलरच्या वर गेला, तो ब्रॉडवेवर त्या वेळी विक्रमच होता. तरीही आठवड्याचा खर्च इतका होता की मूळ भांडवल कधीच निघाले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये रंगमंचाच्या वरखाली होणाऱ्या एका भागात डॅनियल करी या नर्तकाचा पाय सापडला. खेळ लगेच थांबविण्यात आला. ४ जानेवारी २०१४ रोजी शेवटचा खेळ झाला. मग छतातल्या तारा उतरविण्यात आल्या, यंत्रे सोडविण्यात आली, आणि ते कामही लोकल वनच्याच माणसांनी केले.